मांडीवर आणलेला डबा

१

डबा उघडला आणि आत निघाले चिमटे!

कपडे वाळत घालायचे चिमटे. निळे, पिवळे, काहींच्या स्प्रिंगा गंजलेल्या. आणि तेही कसे, तर स्वच्छ पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळलेले, फडक्याचं टोक आत खोचलेलं. बिस्किटांचा तो गोल पत्र्याचा डबा हातात धरून बबडी थिजल्यासारखी उभी राहिली. झाकणावर गुलाबांची वेल, त्यावर नवऱ्यानं आडवीतिडवी मारलेली लाल पट्टी, डब्याच्या कडेनं पोहणारी बदकं. डबा तर आला होता. फक्त आतला स्वेटर नव्हता.

बबडी म्हणजे काही लहान मूल नव्हे हो. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी, पोटुशी बाई होती ती. पण आईनं एकदा बबडी म्हटलं की माणूस म्हातारं झालं तरी बबडीच राहतं. आणि तो स्वेटर आईचा होता. नातवंडाची बातमी कळली त्याच संध्याकाळी आईनं सुया हातात घेतल्या होत्या. पाठ झाली, पुढची बाजू झाली, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीच्या मध्यावर आई गेली. टाके सुयांवरच राहिले.

बबडीला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुई चुकून निसटली तर टाके भराभर उसवत जातात एवढंच तिला ठाऊक. म्हणून तिनं घरात फर्मान काढलं होतं, "मावशी येईपर्यंत त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही!"

मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. ती आज आली होती, परवाच सामान हलवलेल्या नव्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या हात धुऊन, चष्मा पुसून, "आण गं तो डबा, ताईची बाही पुरी करते" म्हणत बसली होती.

"मावशी..." बबडीच्या तोंडून एवढंच फुटलं.

बाळाच्या खोलीचा रंग अजून ओला होता, म्हणून पुठ्ठ्यात गुंडाळलेला पाळणा बाहेरच्या खोलीतच मुक्कामाला होता. दोन दिवस घरातल्यांनी त्याचं टेबल करून टाकलं होतं. बबडीनं डबा त्या पाळण्यावर ठेवला, शेजारच्या खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

नवरा आतून धावत आला. डब्यात डोकावला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझा संशय खरा होता. मला माहीत आहे हे कुणी केलंय," तो म्हणाला. "आणि मी कालच त्याची तक्रार केलीय."

२

मावशीनं तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. हे तिचं जुनं लक्षण. स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे तिची सगळी नोकरी गेली होती. छत्र्या, कवळ्या, कुबड्या, एकदा तर जिवंत कासव, काय काय तिनं मूळ मालकाच्या हाती परत दिलं नव्हतं! कुणी रडत आलं की ती आधी गोळी चघळायची आणि मग प्रश्न विचारायची.

"जावईबापू, बसा. स्वेटर नाही हे आज कळलं, मग तक्रार कालच कसली केलीत?"

"त्या लंबूची हो! सामान हलवायला आलेल्यांतला तो उंच माणूस. पेट्या बांधल्या त्या सकाळी मी गाडी मागे घ्यायला खाली गेलो. डबा खिडकीत ठेवला होता. परत आलो तर हा एकटाच खोलीत, डब्यापाशी उभा! विचारलं तर म्हणे, पडदे काढतोय. मला काही ते पटलं नव्हतं. काल कंपनीचा फोन आला, सेवा कशी वाटली म्हणून. मी सांगून टाकलं, त्या माणसावर लक्ष ठेवा, लक्षण बरं नाही."

"आणि डबा मग?"

"मग माझ्याजवळच! ट्रकमध्ये ठेवायला मी काय वेडा आहे? मौल्यवान वस्तूला ठळक खूण करा, ती स्वतःजवळ ठेवा, सामान हलवताना काय काळजी घ्यायची ते सगळं मी वाचून काढलं होतं. लाल पट्टी मीच मारली, झाकणावर. आणि सबंध रस्ता हा डबा मांडीवर घेऊन बसलो."

"म्हणजे चिमटे मांडीवर घेऊन बसलात," मावशी म्हणाली.

रडता रडता बबडीला हसू फुटलं. नवऱ्याला मात्र ते मुळीच आवडलं नाही.

"पण एक सांगा. मांडीवर चिमटे खुळखुळले नाहीत?"

"नाही. बांधलेत ना फडक्यात."

"हं. चोर मोठा टापटिपीचा दिसतो." मावशीनं फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली. "आणि इकडे उतरल्यावर? लंबू काही बोलला?"

"आला होता दोनदा काहीतरी पुटपुटत. मी फोनवर होतो, कपाटाच्या कोपऱ्याचा टवका उडालाय त्याचे फोटो पाठवत होतो. म्हटलं, हो हो, बघतो नंतर. चहापाण्याला मागत असेल, दुसरं काय!"

तिनं सगळ्या घरातून एक फेरी मारली आणि बबडी तिच्या मागे पोट सांभाळत हिंडली. अर्ध्या पेट्या उघडल्या होत्या. टीव्हीचा रिमोट टीव्हीच्याच गुंडाळीत सापडला होता. पलंगाचे नटबोल्ट पिशवीत घालून पलंगाच्याच पायाला बांधलेले. चहाच्या किटलीचं झाकण किटलीच्या पोटात. खरं तर कौतुक करावं असं काम होतं, पण कौतुक सुचायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

गॅलरीत सासूबाई होत्या. गुडघा धरून ओणव्या झालेल्या, आणि बादलीतली पुसणी, ब्रश, दोरी सगळं बाहेर काढून पुन्हा आत भरत होत्या.

"आल्यापासून त्यांचं हेच चाललंय," बबडी कुजबुजली. "किती सांगितलं, आई, गुडघा दुखतोय तर बसा. पण स्वच्छतेचं वेड!"

मावशीनं बादलीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "विहीणबाई, दोरी आलीय. मग चिमट्यांचा डबा कुठाय?"

सासूबाईंच्या हातातला ब्रश खाली पडला.

३

उत्तर द्यायची वेळच आली नाही. दारावरची बेल वाजली. रिकामे खोके परत न्यायला सामानवाल्यांचा मुकादम आला होता. एरवी हसतमुख माणूस, पण आज त्याचं तोंड उतरलं होतं.

"लंबू नाही आला?" मावशीनं विचारलं.

मुकादमानं नवऱ्याकडे एक नजर टाकली. "साहेबांची तक्रार गेली ना वर. ऑफिसनं त्याला सांगितलं, चौकशी होईपर्यंत येऊ नकोस. कशाची चौकशी, तेही धड सांगितलं नाही. लाजेनं फोन बंद करून बसलाय तो. मावशी, माझ्या हाताखाली बरेच येऊन गेले, पण हा माणूस सुई उचलणार नाही कुणाची."

सुई म्हटल्याबरोबर बबडीला आईच्या सुया आठवल्या. एका माणसाची रोजीरोटी आणि आईची शेवटची बाही, दोन्ही एकाच डब्यात अडकली होती. लंबू खरा असेल तर आपण पाप करतोय. खोटा असेल तर आईच्या हातचं काही परत मिळायचं नाही. तिला दोन्ही विचार सहन होईनात.

"तुमची कामाची पद्धत सांगा मला," मावशी म्हणाली. "रिमोट टीव्हीत, बोल्ट पलंगाला. हे कुणी शिकवलं?"

"आमच्यात एकच मंत्र आहे, मावशी. सुटं राहिलं ते हरवलं. म्हणून ज्याचं त्याच्यात. झाकण भांड्यात, चावी कुलपात, दोर झोपाळ्यात. लंबू तर त्यात फार कडक आहे. सुटी वस्तू दिसली की हातात धरून फिरतो, हिचा सोबती कोण म्हणून."

"आणि गॅलरी कुणी आवरली?"

"त्यानंच. शेवटी गॅलरी आणि बाळाचं सामान, दोन्ही त्याच्याकडे होतं."

"बघा!" नवरा म्हणाला. "सगळीकडे हाच!"

मावशीच्या तोंडातली गोळी थांबली. "खरंय, जावईबापू. सगळीकडे तोच. पण झाकण नाही बदललं त्यानं."

"कसलं झाकण?"

मावशीनं पाळण्यावरचा डबा उचलून बबडीच्या हातात दिला. "दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतेस ना गं? मग आता हे वाच."

बबडीनं पाहिलं. झाकणावर गुलाब. कडेला बदकं. ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली आणि मग तिनं झाकण काढून डब्याच्या कडेशी धरलं.

४

"आपल्याकडे दोन डबे होते," बबडी हळूच म्हणाली. "एक गुलाबांचा, एक बदकांचा. स्वेटर गुलाबांच्या डब्यात होता. चिमटे बदकांच्या."

"आणि हा बदकांचा डबा आहे, गुलाबांचं झाकण घातलेला," मावशी म्हणाली. "आता सांग, बाहेरचा चोर काय करेल? आख्खा डबा काखोटीला मारेल. गॅलरीत त्याच मापाचा दुसरा डबा आहे, त्याचं झाकण याला बसतं, हे त्याला कुठून कळणार? आणि खुळखुळू नये म्हणून चिमट्यांना फडक्यात बांधायची उसंत त्याला कुठून? हे घरातल्याच माणसाचं काम. आणि ज्याला स्वेटर हवा होता त्याचं नव्हे. ज्याला तो जपायचा होता त्याचं."

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या खणातून एक फडकं घेऊन आली. चार घड्या, टोक आत खोचलेलं. तिनं ते चिमट्यांच्या फडक्याशेजारी ठेवलं. दोन्ही घड्या एकाच हातच्या होत्या.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"आई?" नवरा म्हणाला. "तू?"

"अरे, लाल पट्टी कसली मारलीस!" सासूबाईंचा बांध फुटला. "ती पट्टी म्हणजे चोराला आमंत्रण! या बसा, मी इथे आहे! म्हणून मी गुपचूप झाकणं बदलली. म्हटलं, चिमट्यांचा डबा कोण चोरतंय? तो गॅलरीत बादलीमध्ये ठेवायचा, आणि निघताना माझ्या पिशवीत टाकायचा. पण तू मला आधीच उचलून खाली गाडीत नेऊन बसवलंस, गुडघा, गुडघा करत. वर जायला जमेना."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"कसं सांगू? तू इतक्या ऐटीत तो डबा मांडीवर घेऊन बसलास. आणि हिनं तर हातच लावायचा नाही म्हणून बजावलेलं! वाटलं, नव्या घरी बादली आली की हळूच बदलून ठेवीन. बादली आली. पुसणं आलं, ब्रश आले, दोरी आली. डबाच नाही!" त्या खाली बसल्या. "सूनबाई, तुझ्या आईची शेवटची वस्तू माझ्या शहाणपणानं गेली गं. तोंड कसं दाखवू तुला?"

बबडीला राग यायला हवा होता. तो शोधावा लागला आणि तरी सापडला नाही. तिनं सासूबाईंचा हात धरला, दोघी शेजारी शेजारी बसून रडल्या. नवरा कानकोंडा होऊन उभा होता.

"मग चोरी झालीच, फक्त नंतर," तो चाचरत म्हणाला. "डबा बादलीतून गेला, आणि गॅलरी त्या लंबूनंच आवरली."

मावशी उठली. "हो. आणि त्यानं तो कुठे ठेवला, ते मला कळलंय. कात्री आणा."

५

"कात्री?" मुकादमानं खिशातूनच सुरी काढली.

"थांबा, आधी नीट ऐका. म्हणजे मी चुकले तर मला हसायला मोकळे," मावशी म्हणाली. "गॅलरीत लंबूला बदकांच्या झाकणाचा डबा सापडला. तो चिमट्यांचा वाटला असता, तर तुमच्या मंत्राप्रमाणे कुठे गेला असता?"

"दोरीबरोबर," मुकादम म्हणाला. "चिमट्यांचा सोबती दोरी."

"दोरी आली, तिच्याबरोबर डबा नाही. म्हणजे त्याला कळलं होतं की आत चिमटे नाहीत. कसं कळलं? उचलला, पण खुळखुळला नाही! गॅलरीतला डबा, आणि आवाज नाही. म्हणून त्यानं उघडून पाहिलं. त्यात काय दिसलं? एवढासा स्वेटर, सुयांसकट. आता तो माणूस डबा हातात धरून उभा आहे आणि विचार करतोय, हिचा सोबती कोण? बबडे, आता तूच सांग. बाळाच्या स्वेटरचा सोबती कोण?"

बबडीनं मान वळवली. ज्यावर दोन दिवस चहाचे कप ठेवले होते, ज्यावर तिनं चिमट्यांचा डबा ठेवून अश्रू ढाळले होते, तो पुठ्ठ्यात गुंडाळलेला पाळणा तिच्या कोपराशी उभा होता.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

मुकादमानं अलगद पट्ट्या कापल्या. पुठ्ठा सुटला, त्याखालची रजई सुटली. पाळण्याच्या तळाशी, छोट्या गादीच्या घडीत, कुठेही हलू नये असा बसवलेला एक डबा होता. झाकणावर बदकं, कडेनं गुलाबांची वेल.

"उघड तू," मावशी म्हणाली. "माझ्यानं होणार नाही."

बबडीनं झाकण काढलं. पिवळी लोकर, पाठ, पुढची बाजू, एक बाही आणि दुसऱ्या बाहीचा तो अर्धा तुकडा. तिनं आधी सुया पाहिल्या. दोन्ही सुयांच्या टोकांवर दोन काळी रबरी टोपणं घट्ट बसवलेली होती.

"ही आमची," मुकादम म्हणाला. "उघड्या खिळ्यांच्या टोकांना लावतो आम्ही, भिंतीला ओरखडा जाऊ नये म्हणून. टाके निसटू नयेत म्हणून लावली असणार त्यानं."

मावशीनं बोट फिरवत एकेक टाका पाहिला. "एकही नाही सुटलेला," ती म्हणाली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली. "ताई, एकही टाका नाही सुटलेला गं!"

मग नवरा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून हळूच म्हणाला, "तो दोनदा आला होता. चहापाणी मागायला नव्हता आला. हेच सांगायला आला होता."

"एका स्वेटरला चार पहारेकरी," मावशी म्हणाली, "आणि चौघांचं एकमेकांशी बोलणं नाही. माझ्या खिडकीवर हेच बघितलं मी आयुष्यभर. वस्तू चोरीनं कमी जाते, न सांगता घेतलेल्या काळजीनं जास्त."

"न बोलणारे तीनच, मावशी," नवरा म्हणाला. "त्यानं सांगितलं होतं." त्यानं चपला पायात सरकवल्या. "मुकादम, त्याचं घर दाखवता? वाटेत तुमच्या ऑफिसात जाऊ. तिथे मला माझ्या तोंडानं बोलायचंय, फोनवर नाही."

६

संध्याकाळी लंबू दारात आला तेव्हा चौकटीखाली त्याला मान वाकवावी लागली. तो आत यायलाच तयार नव्हता.

"ऑफिसात सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, चूक माझी. झालं ते झालं," तो म्हणाला. "उद्यापासून कामावर आहे. डबा सापडला ना ताई? मला दोन दिवस तीच धास्ती. साहेबांनी हो हो म्हटलं, पण त्यांच्या डोक्यात गेलं नसावं असं वाटलं मला. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" बबडी म्हणाली. दुपारपासून तिनं मनात किती वाक्यं जुळवली होती, पण आयत्या वेळी एकही आठवेना. "माझी आई होती त्या डब्यात. म्हणजे, तिचं तेवढंच उरलंय माझ्याकडे. तुम्ही सांभाळून आणलंत. तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले! सुया बघितल्या आणि कळलं, कुणीतरी मध्येच उठून गेलंय. परत येऊन विणायला बसायचं असेल, म्हणून टोपणं लावली."

बबडीनं नुसते हात जोडले. सासूबाईच लंगडत पुढे झाल्या. "मी चहा ठेवलाय. बसा."

"नको आजी, आम्ही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत नाही. उभ्यानंच घेतो."

"गिऱ्हाईक कोण इथे?" सासूबाई फणकारल्या. "बसा म्हणते ना! माझं ऐकलं नाही की काय होतं ते या घरात सगळ्यांना विचारा. आणि ऐकलं तरी काय होतं तेही विचारा!"

सगळे हसले. नवऱ्यानं स्वतः खुर्ची ओढून आणली, जुन्या घरातली, लंबूनंच जिन्यावरून चढवलेली. लंबू आधी तिच्या काठावर टेकला, मग बेतानं मागे रेलला आणि हात दांड्यांवर ठेवले.

"किती खुर्च्या उचलल्या आजवर," तो म्हणाला, "पण उचललेल्या खुर्चीत बसलो पहिल्यांदाच. बरी आहे हो, मऊ आहे."

समोर मावशीनं सुया हातात घेतल्या होत्या. आई जिथे थांबली होती तो टाका तिनं नीट न्याहाळला, मग दोन्ही रबरी टोपणं काढून पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत जपून ठेवली. लोकरीचा गुंडा मांडीवरून घसरला आणि जमिनीवर घरंगळत लंबूच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलला आणि सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कुठे ठेवायचा म्हणून.

"राहू द्या तुमच्याच हातात," बबडी म्हणाली.

लंबूनं गुंडा दोन्ही तळव्यांत धरला. मावशीनं लोकर ओढली, पहिला टाका घातला आणि आईची अर्धी राहिलेली ओळ पुढे सुरू झाली.